पुण्यात चारशे जणांचा एक कार्यक्रम की ऐंशी जणांच्या अनेक संध्याकाळी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही तिघे पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एक मित्र मराठी-हिंदीत रॅप करतो, दुसरा भिंतींवर आणि कॅनव्हासवर चित्रे काढतो, आणि मी जुन्या साड्या व खणांची जॅकेट शिवते. तिघांनी मिळून साठ हजार रुपये साठवले आहेत. येत्या ऑगस्टमध्ये एखाद्या लॉनवर चारशे लोकांचा मोठा कार्यक्रम करायचा आहे. गाणी असतील, प्रेक्षकांसमोर चित्र रंगवले जाईल आणि कपड्यांचे स्टॉल असतील. जागा कोणती घ्यावी, परवाने कोणते लागतात, आणि पुण्यात अशा कार्यक्रमांना लोक येतात का?"

जागेचे आणि परवान्यांचे उत्तर या क्षेत्रातला कोणीही अनुभवी माणूस अर्ध्या तासात देईल, आणि मीही ते पुढे देणार आहे. तिसरा प्रश्न मात्र थोडा बदलून घ्यावा लागेल. पुण्यात लोक येतात. तुमचे वर्गमित्र, त्यांचे मित्र, सोसायटीतली मंडळी, मावश्या आणि आत्या धरल्या तर पहिल्या कार्यक्रमाला दीडशे-दोनशे माणसे सहज जमतील. दुसऱ्या कार्यक्रमाला, म्हणजे केवळ तुमच्यावरच्या लोभापोटी कोणी येणार नसेल तेव्हा, किती जण पैसे देऊन येतील हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते शोधण्यासाठी तुमच्याकडे पैसे उरणार नाहीत, कारण सगळे साठ हजार पहिल्याच रात्री खर्च करण्याचा तुमचा बेत आहे. तुमची खरी अडचण मला ही दिसते.

मी या कामात आले ती फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या संघाचा कपडेपट सांभाळता सांभाळता. गेली वीस-बावीस वर्षे मी छोट्या मैफली, बँडचे कार्यक्रम आणि प्रायोगिक नाटके यांची व्यवस्था व वेशभूषा पाहते आहे. महाविद्यालय सुटल्यावर आम्ही पाच जणांनी पेठेतल्या एका सभागृहात तुमच्यासारखाच कार्यक्रम केला होता. सभागृह भरले, लोक जिन्यात उभे राहिले, आणि आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत डेक्कनवर चहा पीत पुढच्या दौऱ्याची आखणी करत बसलो. दीड महिन्याने त्याच सभागृहात दुसरा प्रयोग लावला तेव्हा एकतीस माणसे आली, आणि त्यांतली नऊ आमच्या घरची होती. कार्यक्रम पहिल्यापेक्षा चांगला झाला होता. तरीही पुढची तीन वर्षे आमच्यापैकी कोणी स्वतःच्या नावाने काही केले नाही, कारण खिशातले पैसे आणि उमेद दोन्ही एकदमच संपले होते.

असे का होते, हे समजण्यासाठी पुण्यात तरुणांची कला कोणत्या चौकटीत वाढते ते पाहावे लागेल. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून आणि फिरोदिया करंडक १९७४ पासून चालत आले आहेत. पुरुषोत्तम ही एकांकिकांची स्पर्धा आहे. फिरोदियात नाट्य, गायन, वादन, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच कथासूत्रात गुंफाव्या लागतात, म्हणजे तुम्ही तिघांनी जे योजले आहे ते या शहरातली मुले पन्नास वर्षांपासून करत आली आहेत. पण स्पर्धा मुलांना ज्या गोष्टी आयत्या देते, त्यांची किंमत मुलांना कळत नाही. तारीख ठरलेली असते, तालमीला महाविद्यालयाची जागा मिळते, माजी विद्यार्थी येऊन फुकट शिव्या आणि शिकवण देतात, आणि भरत नाट्य मंदिरात "अरे आवाज कुणाचा" म्हणून ओरडणारा प्रेक्षकही आपापल्या महाविद्यालयाच्या ओढीने आलेला असतो. पदवी हातात पडली की हे सगळे एका दिवसात नाहीसे होते. बावीस ते अठ्ठावीस या वयातल्या कलाकाराला पुण्यात जागेपेक्षाही ठरलेल्या तारखेची आणि परत परत येणाऱ्या माणसांची उणीव अधिक असते.

याचे उलट उदाहरण म्हणून ढोल-ताशा पथकाकडे पाहा. तुम्ही कदाचित त्याला कलाक्षेत्रात धरत नसाल, पण तरुणांचे संगीत आणि तरुणांची वेशभूषा यांचा पुण्यातला सर्वांत मोठा एकत्र आविष्कार तोच आहे. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीकाठी रोज संध्याकाळी सराव चालतो. नवखा मुलगा आधी ढोल उचलायला आणि कमरेला बांधायला शिकतो, ताशावाला हात देतो तसे वाजवायला शिकतो, आणि पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याला शिकवतो. झब्बा, फेटा, नऊवारी आणि नथ घालून मिरवणुकीत उतरायचे, ही हौस तर आहेच. २०२४ च्या गणेशोत्सवाआधी राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच सदस्य असावेत अशी मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा ज्यांनी कधी ढोलाला हात लावला नव्हता अशी माणसेही त्यावर हिरिरीने बोलत होती. सरावाच्या आवाजाबद्दल रहिवाशांची तक्रार असते आणि ती पुष्कळदा रास्तही असते, हे मी मान्य करते. पण पथक टिकते ते रोज त्याच ठिकाणी, त्याच वेळी भेटण्यामुळे. तुम्ही पथकाकडून उचलण्यासारखी गोष्ट ही आहे.

तुमच्या मूळ प्रश्नात तुम्ही एमसी स्टॅनचेही नाव घेतले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. पुण्यातल्याच ताडीवाला रस्त्यावरून आलेल्या या रॅपरचा 'तडीपार' हा अल्बम २०२० साली आला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला, त्यामुळे पुण्याच्या प्रत्येक रॅपरला आता घरून "त्याच्यासारखे कर" असे सांगितले जाते. त्याचा श्रोता सभागृहात नव्हे, मोबाइलवर घडला. वस्तीतली बोली त्याने गाण्यासाठी धुऊन-पुसून घेतली नाही. गळ्यातल्या साखळ्या आणि महागडे बूट हेही त्याच्या गाण्याइतकेच चर्चेत राहिले, म्हणजे संगीत आणि पोशाख वेगळे काढता येत नाहीत हा तुमचा अंदाज बरोबरच आहे. पण मोबाइलवरचा श्रोता आणि शनिवारी रात्री पाऊस असताना कोथरूडहून कॅम्पात येणारा श्रोता यांत फरक आहे. तुमच्या मित्राची गाणी हजारो लोकांनी ऐकली असतील, तरी त्यांतले पुण्यात राहणारे किती, हे आधी त्याच्या खात्यावरील आकडेवारीत पाहून घ्या.

आता हिशोब मांडू. आकडे तुमचेच घेते आणि खर्चाचा अंदाज केवळ समजण्यापुरता धरते. समजा, ऐंशी खुर्च्यांच्या बंदिस्त जागेत एका संध्याकाळचा सगळा खर्च सोळा हजार आला आणि तिकीट दीडशे रुपये ठेवले. ऐंशी जण आले तर बारा हजार जमतील आणि चार हजारांची तूट येईल, म्हणजे तुमच्या साठ हजारांत पंधरा संध्याकाळी होतील. निम्मेच लोक आले तर सहा हजार जमतील, तूट दहा हजारांची होईल, आणि तरीही सहा संध्याकाळी होतील. हेच साठ हजार एका लॉनवर, मंडपात, भाड्याच्या जनरेटरवर आणि मोठ्या ध्वनियंत्रणेवर लावले तर एक संध्याकाळ होईल, आणि त्या दिवशी चार वाजता पाऊस आला तर तीही होणार नाही. म्हणून माझे सांगणे असे आहे की चारशे जणांचा विचार सध्या सोडावा आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या शनिवारी, त्याच जागी, निदान सहा वेळा भेटण्याचा बेत करावा. सहाव्या वेळी तिसऱ्यांदा आलेली वीस माणसे तुम्हाला चेहऱ्याने ओळखता आली, तर काहीतरी घडते आहे असे समजायला हरकत नाही.

ऑगस्ट मात्र नको. पाऊस आहेच, शिवाय पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्यांत महाविद्यालयांतली बोलकी मुले गुंतलेली असतात आणि उरलेली नदीकाठी ढोल वाजवत असतात. सप्टेंबर गणपतीत जातो, मग परीक्षा येतात आणि मग दिवाळीला निम्मे वसतिगृह गावी जाते. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. तो १९५३ पासून चालू आहे आणि तुमचा प्रेक्षक तिथे जात नाही असे समजू नका, मागच्या भारतीय बैठकीवर बरीच मुले शाल पांघरून बसलेली असतात. २०१० साली पुण्यातच सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या मोठ्या संगीत महोत्सवांमुळे तरुणांना हिवाळ्यात खर्च राखून ठेवण्याची सवय लागली आहे, तेही ध्यानात घ्या. माझ्या अनुभवात दिवाळीनंतरचा पहिला मोकळा शनिवार ही सुरुवातीला सर्वांत चांगली वेळ असते, कारण तिथून मार्चपर्यंत सलग चार-पाच महिने मिळतात.

जागेचे उत्तर तुमच्या मित्राच्या भाषेवर आणि तुमच्या प्रेक्षकाच्या घरापासूनच्या अंतरावर अवलंबून आहे. शनिवार पेठेतले सुदर्शन रंगमंच हे प्रयोगशील मंडळींचे जुने, जिव्हाळ्याचे ठिकाण आहे, एरंडवण्यातले 'द बॉक्स' नव्या रचनेचे आहे, आणि गांधी भवन, पत्रकार भवन, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा ठिकाणी साधेपणाने कार्यक्रम होतात. कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगरकडचे कॅफे वेगळा प्रेक्षक देतात. तिथे इंग्रजी-हिंदी गाणी चालतात, पण खाण्यापिण्याचे बिल हाच तिथला धंदा असल्यामुळे गाणे चालू असताना मागे ताटल्या वाजतात आणि गायकाला त्यांच्यावरून ओरडावे लागते. बालगंधर्व रंगमंदिराचा मोह आत्ता धरू नका. ऐंशी माणसे तिथे हरवून जातील. कोणतीही जागा ठरवण्याआधी तिथे दुसऱ्याचा एक कार्यक्रम तिकीट काढून पाहा आणि शेवटच्या रांगेत बसा. अनामत रकमेची परतफेड किती दिवसांत आणि कोणत्या कारणांनी अडवली जाईल, हे लेखी घ्या. एका ठिकाणी भिंतीला चिकटपट्टी लावल्याबद्दल माझी पूर्ण अनामत गेली होती, आणि ती चिकटपट्टी आमच्या आधीच्या संस्थेची होती.

वीज आणि आवाज या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवखी मुले सर्वांत जास्त इथेच फसतात. एका कार्यक्रमात माझ्याच मदतनीस मुलीने मध्यंतराआधी पडद्यामागे जॅकेटला इस्त्री करायला प्लग लावला. तीच लाइन रंगमंचावरच्या दिव्यांना गेलेली होती. १६ अँपिअरच्या लाइनवर साधारण साडेतीन हजार वॅट चालतात, आम्ही हजार-हजार वॅटचे तीन हॅलोजन त्यावर टाकले होते, आणि इस्त्री आणखी हजाराची होती. सर्किट उडाले, त्याच लाइनवरचा ध्वनियंत्रणेचा मिक्सरही गेला, आणि बारा मिनिटे अंधारात गायकाने नुसत्या टाळ्यांवर वेळ मारून नेली. तेव्हापासून मी कोणत्याही जागी गेल्यावर आधी विजेचा बोर्ड पाहते आणि ध्वनीची लाइन, दिव्यांची लाइन आणि इस्त्री-चहाची लाइन वेगळी असल्याची खात्री करून घेते. आता एलईडी दिव्यांमुळे भार पुष्कळ कमी झाला आहे, पण इस्त्री अजून तेवढीच वीज खाते.

रॅपरसाठी तीन गोष्टी सांगते. पहिली अशी की बीटची, म्हणजे रॅपमागे वाजणाऱ्या संगीताची, फाइल स्वतःच्या आवाजाविना असावी. पूर्ण गाणे मागे लावून त्यावर तोंड हलवणे प्रेक्षकाला पहिल्या कडव्यातच कळते. दुसरी, माइकची जाळी मुठीत धरण्याची लकब सोडावी. साधा गाण्याचा माइक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो तो जाळीच्या खालच्या बाजूच्या छिद्रांमुळे. ती मुठीत झाकली की माइक चारी बाजूंनी ऐकू लागतो, शब्द डब्यातून आल्यासारखे घुमतात आणि स्पीकरमधून शिट्टी निघते. ध्वनिवाल्याला दोष देण्याआधी हात दांड्यावर घ्यावा. तिसरी, लॅपटॉपवरून बीट वाजवताना घरघर येऊ लागली तर चार्जर काढून पाहावा. दहांपैकी सात-आठ वेळा ती तिथेच थांबते, म्हणून बॅटरी पूर्ण भरून आणावी, आणि तेच सगळे पेन ड्राइव्हवर व फोनवरही ठेवावे. ध्वनिचाचणीला दीड तास हातात हवा. दार सातला उघडायचे असेल तर साडेपाचला पहिला शब्द माइकवर पडला पाहिजे, आणि साडेपाचला गाडीतून सामान उतरू लागले तर तो दिवस गेला असे समजावे.

परवान्यांचे थोडक्यात सांगते, कारण बंदिस्त सभागृह घेतले तर यातला बराचसा भार हलका होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंदिस्त सभागृहांना त्यात सूट आहे, आणि उघड्यावर दिवसाही लेखी परवानगी लागतेच. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असते, तिथे ती आणखी कमी आहे. लॉनवर बीट वाजवणाऱ्याला ५५ डेसिबल पाळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि लॉनला माझा विरोध असण्याचे हेही एक कारण आहे. सभागृहातही मी साडेनऊला शेवटचे गाणे संपवते, कारण शेजारच्या इमारतीतल्या काकांचा फोन दहा वाजून एक मिनिटाने पोलिसांकडे जातो. तिकीट लावून प्रयोग करायचा असेल तर प्रयोगपरवाना पोलिसांकडून लागतो. तो सभागृहाने आधीच घेतलेला आहे की तुम्ही काढायचा आहे, हे व्यवस्थापकाला नेमकेपणाने विचारा. मध्ये नाट्यप्रवेश असेल तर त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत-नाट्याच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे दीडशेच्या तिकिटाची चिंता करू नका.

गाण्यांच्या हक्कांबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी, विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरत्या प्रेक्षकांसमोर दुसऱ्याचे गाणे गायले तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे, आणि त्यामुळे चार वर्षे कोणी काही विचारले नाही म्हणून बाहेरही चालते असे मुलांना वाटते. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ती सूट लागू होत नाही. दुसऱ्याचे गाणे स्वतः गाणार असाल तर शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, आणि लोक आत येत असताना तयार ध्वनिमुद्रिते वाजवणार असाल तर ती ज्या कंपनीची आहेत तिच्या वतीने परवाना देणाऱ्यांकडे जावे लागते. सर्वांत सोपे म्हणजे सगळे स्वतःचे वाजवावे. पण तिथेही बीट आडवी येते: यूट्यूबवर "फ्री" लिहिलेली बीट बहुधा फक्त विनामोबदला वापरासाठी फुकट असते, आणि तिकीट लावले की ती फुकट राहत नाही. ती बनवणाऱ्याला संदेश पाठवून, पैसे देऊन, लेखी परवानगी घ्यावी. पुण्यात घरच्या संगणकावर उत्तम बीट बनवणारी मुले आहेत. त्यांच्यातल्या एकाला चौथा भागीदार करून घेतलेत तर हा प्रश्नच मिटतो.

आता तुमच्या कपड्यांकडे येते, कारण प्रश्न तुम्ही लिहिला आहे आणि स्टॉलचा उल्लेख तुम्ही सर्वांत शेवटी, जरा संकोचाने केला आहे. माझ्या मते तुमच्या तिघांच्या कार्यक्रमात पैसे मिळवून देणारी गोष्ट तीच आहे, पण स्टॉलवर नव्हे. चार-एक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक मुलगी खणाची आठ जॅकेट टांगून बसली होती. लोक येत, हात लावून पाहत, किमतीची चिठ्ठी उलटून पाहत आणि पुढे जात. तिकडे रंगमंचावर रॅपर काळा टी-शर्ट घालून काळ्या पडद्यापुढे उभा राहिला, आणि ध्वनिचाचणीच्या वेळी मला मागून त्याचे फक्त तोंड आणि दोन पंजे हवेत हलताना दिसत होते. मी तिच्या हँगरवरचे हळदी रंगाचे, लाल काठाचे जॅकेट काढले आणि त्याच्या अंगात चढवले. ते खांद्यात घट्ट होत होते, म्हणून पाठीची शिवण काखेपर्यंत उसवली आणि आतून सेफ्टी पिना लावल्या. मध्यंतरात तिच्यापाशी पाच जण उभे होते आणि पाचही जण "ते त्याच्या अंगातले" मागत होते. दोघांनी तिथेच माप दिले आणि निम्मे पैसे आगाऊ दिले.

यावरून मी दोन गोष्टी धरून चालते. गाणाऱ्यासाठी, चित्रकारासाठी आणि दारावर तिकीट पाहणाऱ्या मित्रासाठी कपडे तुम्हीच करा आणि ते दर महिन्याला बदला. विक्रीसाठी मात्र आधी ढीग शिवून ठेवू नका. तीन मापांचे नमुने, कापडाचे तुकडे लावलेली एक वही आणि मापाची टेप एवढेच घेऊन बसा, आणि ऑर्डर घ्या. पुण्यातला तुमचा ग्राहक कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात ढिगातून शोधून कपडे घेत वाढलेला आहे. टांगलेले जॅकेट त्याला त्या भावांशी ताडून पाहता येते, पण स्वतःच्या मापाचे आणि स्वतः निवडलेल्या काठाचे जॅकेट ताडायला त्याच्याजवळ काही नसते. मावशीची किंवा आजीची साडी घेऊन या, आम्ही शिवून देऊ, असे सांगितलेत तर कापडाचा खर्चही वाचतो, आणि ते जॅकेट घालणारा प्रत्येक जण साडीची गोष्ट सांगत फिरतो.

मात्र जुनी साडी हाती घेताना तिची तब्येत आधी पाहा. उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी आडवी ताणा. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेली साडी घडीवर विरलेली असते आणि तिथे ती कागदासारखी फाटते. बहुधा काठ आणि पदर अंगापेक्षा दणकट राहिलेले असतात, म्हणून ताण येतो तिथे, म्हणजे खांदे, खिशाचे तोंड आणि बटणपट्टी यांसाठी काठ वापरा आणि अंगाला पूर्ण अस्तर द्या. अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि जॅकेटला चुण्या पडतील. खण हा मुळात चोळीसाठी विणला जाई, म्हणून कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो. मोठ्या मापाच्या पाठीला जोड द्यावाच लागतो, तेव्हा तो जोड लपवू नका, मधोमध घेऊन काठाची पट्टी त्यावर चालवा. यंत्रमागाचा रुंद खणही बाजारात मिळतो आणि तो वापरण्यात वावगे काही नाही, फक्त तो हातमागाचा म्हणून विकू नका. लक्ष्मी रस्त्यावर वाढलेली एखादी आजी प्रेक्षकांत असतेच, आणि ती दोन बोटांत धरून सांगते.

चित्रकार मित्राविषयी थोडेच लिहिते. प्रेक्षकांसमोर चित्र काढणे ऐकायला छान वाटते, पण दोन तासांत चित्र हळूहळू वाढते आणि लोक दोन मिनिटे पाहून पाठ फिरवतात. त्याला कोपऱ्यात न ठेवता दारापाशी ठेवा, जलद वाळणारे ॲक्रिलिक द्या, आणि एकच मोठा कॅनव्हास सहा संध्याकाळी पुढे नेऊ द्या. मागच्या वेळी इथे काय होते आणि आता काय झाले, हे पाहायलाही माणसे परत येतात. जॅकेटच्या अस्तरावर त्याचे चित्र छापून घेता आले तर पाहा.

यातले काही सल्ले परिस्थितीनुसार बदलतील. तुमच्या मित्राला पुण्यातच हजार-दोन हजार पक्के श्रोते असतील तर ऐंशी खुर्च्या कमी पडतील आणि दोनशेची जागा घेणे योग्य ठरेल. एखादे महाविद्यालय किंवा संस्था जागा फुकट देत असेल तर तुटीचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल, पण मग त्यांच्या अटी, विशेषतः शब्दांवरच्या अटी, रॅपरने आधी वाचाव्यात. तुमच्यापैकी कोणी नोकरीसाठी मध्येच बेंगळुरूला जाणार असेल तर सहा महिन्यांचा बेत करू नका, तीनचा करा आणि तसे आधीच जाहीर करा.

पुढचे नेमके सांगण्यासाठी मला तीन गोष्टी हव्या आहेत: मित्राची बीट कोण बनवते आणि तिचे लेखी काही आहे का, त्याच्या श्रोत्यांपैकी पुण्यातले किती आहेत, आणि तुम्ही आठवड्यात किती जॅकेट एकटीने पूर्ण करू शकता, काज-बटणे आणि अस्तरासह. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना परीक्षेचा आठवडा धरू नका.